ब्लूटूथ ओबीडी डोंगल: आयडलिंगची थरथर आणि गेलेला पिकअप शोधायला कितपत कामाचं?

सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा ७५० वरून ५५० ला पडून परत उसळतो, आणि घाटात रेस दाबली तरी गाडी ओढत नाही. ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की आधी प्लग, मग कॉइल, मग थ्रॉटल बॉडीची सफाई, मग इंजेक्टर असं एकेक करत बिल वाढतं. शेवटच्या पार्टनंतर गाडी सुधारली तर तोच खराब होता असं समजायचं, आधी बदललेल्यांचं काय ते कोणी विचारत नाही. पाचशे ते हजार रुपयांत मिळणारं ब्लूटूथ ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या सॉकेटात खोचून इंजिनच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारी डबी, हा अंदाजपंचे कारभार थांबवू शकतं का? थांबवू शकतं. पण नुसता कोड (गाडीने नोंदलेला दोषाचा क्रमांक) वाचायला घेणार असाल तर त्याचा अर्धाच उपयोग होईल. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. या वस्तूची खरी किंमत चालू इंजिनचे आकडे डोळ्यांसमोर आणण्यात आहे.

आधी खरेदीचं बघू. या डोंगलवर ईएलएम३२७ असं छापलेलं असतं. ती मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. स्वस्तात मिळतात त्या सगळ्या नकला. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी बाजारात १.५ आणि २.१ असे दोन शिक्के सर्रास दिसतात. त्यातलं १.५ लिहिलेलं डोंगल बहुतेक वेळा जास्त भरवशाचं निघतं. २.१ लिहिलेल्या कित्येक छोट्या डोंगलांत काही आज्ञा गाळलेल्या असतात, आणि जुन्या के-लाइन (एकाच वायरवरून बोलण्याच्या) पद्धतीच्या गाड्यांशी त्यांचं जुळता जुळत नाही. आपली गाडी कोणत्या पद्धतीची हे पोर्टात टॉर्च मारून बघता येतं. स्टिअरिंगखाली, बहुधा उजव्या गुडघ्याच्या वर, १६ पिनांचं सॉकेट असतं. ६ आणि १४ नंबरच्या खाचांत धातू दिसला तर गाडी कॅनवर, म्हणजे नव्या दोन-वायरी पद्धतीवर, बोलते, तिथे साधं डोंगलही चालून जातं. त्या दोन रिकाम्या आणि ७ नंबरला धातू असेल तर के-लाइन. अशा वेळी माल परत घेणाऱ्याकडूनच डोंगल घ्या. भारतात चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी आत पूर्ण माहिती मिळेलच असं नाही.

आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: साधं ब्लूटूथ डोंगल आयफोनला जोडलं जात नाही. ब्लूटूथ लो एनर्जीचं किंवा वायफायचं घ्यावं लागतं. वायफायवाल्यात पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असं ॲपमध्ये भरायचं असतं. अँड्रॉइडवर जोडताना पिन १२३४ किंवा ०००० मागतो. ॲपमध्ये कार स्कॅनर आणि टॉर्क हे दोन्ही चांगले. नवख्याला कार स्कॅनर सोपं पडेल, कारण फ्रीझ फ्रेम आणि आलेख त्यात चटकन सापडतात.

चेक इंजिनचा दिवा लागलाय म्हणून डोंगल लावलं की बोट आपोआप ‘क्लिअर’ बटणाकडे जातं. ते करू नका. कोड पुसला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, रेडिनेसच्या (गाडीने स्वतःच्या स्वतः करायच्या) चाचण्या शून्यावर येतात आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनने शिकलेला फ्युएल ट्रिमही (पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करायचं तो हिशोब) जातो. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाचं छायाचित्र. समजा पी०३०० हा मिसिंगचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटण्याचा, कोड आलाय. त्याच्या फ्रीझ फ्रेममध्ये स्पीड ०, आरपीएम ७००, कूलंट ४० अंश दिसलं तर दोष थंड इंजिनच्या आयडलिंगला आहे. तिथे हवेची गळती, मळलेली थ्रॉटल बॉडी, ठिबकणारा इंजेक्टर अशी दिशा धरायची. त्याच पी०३०० कोडच्या फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम ३२००, लोड ८५ टक्के असेल तर गोष्ट वेगळी. सिलिंडरमध्ये दाब वाढल्यावर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि तिथे थकलेली कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग उघडा पडतो. कोड एक, दुरुस्त्या दोन. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग बाकीचं.

आता आकडे. नकली डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे आणू शकतं, म्हणून एका वेळी चारपेक्षा जास्त मीटर पडद्यावर ठेवू नका. दहा ठेवले तर प्रत्येक आकडा दोन सेकंद शिळा असतो आणि झटका नेमका मधल्या मध्ये निसटतो.

पहिलं वाचन इंजिन बंद, चावी ऑन. मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे मॅप सेन्सर या वेळी बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पुण्यात उभी असलेली गाडी इथेच ८८ दाखवत असेल तर मॅप सेन्सर किंवा त्याचं वायरिंग चुकतंय, पुढचं काहीही बघण्यात अर्थ नाही. याच वेळी बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट हवी. स्टार्टर मारताना १० च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी. कमी व्होल्टेजवर सेन्सर खोटं बोलतात, आणि त्यातून उठलेले कोड माणसाला भलत्याच पार्टमागे पळवतात.

मग इंजिन गरम करून आयडलिंग. कूलंट ८५ ते ९५ अंश, आरपीएम साधारण ६५० ते ८५०, एसी बंद, मॅप ३० ते ४० किलोपास्कल, आणि शॉर्ट (त्या क्षणाचा) व लाँग (शिकलेला) अशा दोन्ही फ्युएल ट्रिमची बेरीज शून्याच्या आजूबाजूला. पाच टक्क्यांपर्यंत निवांत राहा, दहापर्यंत लक्ष ठेवा, त्यापुढे शोध सुरू करा. ई१० (दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बसवलेली गाडी ई२० वर आली तर चारेक टक्के बेरीज त्यामुळेच वाढते, तो दोष धरू नका. अधिकचा ट्रिम म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) वरून ओततोय. उणे ट्रिम म्हणजे पेट्रोल जास्त होतंय म्हणून तो हात आखडता घेतोय.

पुढची पायरी सगळ्यात मोलाची. आरपीएम २५०० वर एक मिनिट धरून ट्रिम परत वाचायचा. आयडलिंगला अधिक २२ आणि २५०० वर अधिक ४ असेल तर बाहेरून हवा चोरून आत येतेय. भेगेतून शिरणारी हवा साधारण तेवढीच राहते. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेतं तेव्हा तिचा वाटा मोठा असतो, रेस दिल्यावर नगण्य होतो. उलट, आयडलिंगला अधिक ३ आणि लोडवर अधिक १८ म्हणजे पेट्रोलच पुरत नाही: पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा प्रेशर पडतंय. ही खात्री गेज लावूनच होते, डोंगल रेलमधलं प्रेशर साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत दाखवत नाही. बहुतेक गाड्यांत ते ३ ते ४ बार असतं.

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ इथेच थांबतात, आणि इथेच आपल्याकडचा माणूस फसतो. वरचा हवागळतीचा नियम हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचा आहे. आपल्या रस्त्यांवरच्या पुष्कळशा छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, त्या मॅप सेन्सरवरून हवेचा हिशोब करतात. अशा गाडीत चोरून आलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, मॅप ते बघतो आणि ईसीएम त्या हिशोबाने पेट्रोल टाकतो. म्हणून गळती असूनही ट्रिम जवळजवळ शून्य दिसू शकतो. मग ओळखायचं कशावरून? आयडलिंगचा आरपीएम चढलेला, पी०५०७ कोड, आणि थ्रॉटल नेहमीपेक्षा कमी उघडलेला, कारण ईसीएम आपल्याकडून झडप मिटत चाललेला असतो. गळती एका सिलिंडरच्या तोंडाशी असेल, म्हणजे मॅनिफोल्डच्या गॅस्केटला किंवा इंजेक्टरच्या ओ-रिंगला, तर तेवढाच सिलिंडर कोरडा पडतो आणि मिसिंग तिथेच होतं. आपल्या गाडीत एमएएफ आहे का हे ॲपला विचारू नका, काही ॲप मॅपवरून एमएएफचा आकडा गणिताने काढून दाखवतात. एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या नळीवर वायर लावलेला सेन्सर आहे का, ते बॉनेट उघडून बघा.

गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते. गरम एक्झॉस्टजवळ ती आगीला आमंत्रण आहे. त्यापेक्षा साध्या स्प्रे बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा एकेका जोडावर मारा, कॉइल आणि कनेक्टर चुकवून. पाणी भेग बुजवतं आणि क्षणभर आयडलिंग बदलतं, तीच जागा. पीसीव्हीची (इंजिनमधली तेलकट वाफ परत आत ओढणारी) नळी वरून धडधाकट दिसते. ती सोडवून उलटी करून वाकवली की वळणाच्या आतल्या अंगाला, तेलाने फुगून मऊ झालेल्या रबरात, नखाएवढी चीर उघडते. रबरी नळी शंभर-दोनशे रुपयांची असते, आणि तिच्यामुळे हजारोंचे सेन्सर बदलले जातात. ब्रेक बूस्टरची नळी फडक्यात धरून पकडीने दाबली आणि थरथर थांबली तर गळती बूस्टरमध्ये. पेट्रोल भरल्या भरल्या गाडी घाण आयडलिंग करते आणि ट्रिम उणे जातो, तेव्हा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का ते बघा. थंड इंजिनच्या आयडलिंगला त्याच्या कॅनिस्टरकडच्या (वाफ साठवणाऱ्या डब्याकडच्या) तोंडाला बोट लावलं तर ओढ जाणवता कामा नये.

आयडलिंगलाच मॅप ४५-५० दाखवतोय आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर इंजिनचं आतलं बघायला हवं. टायमिंग चेन ओढली गेलीय, किंवा टॅपेटचं क्लिअरन्स (व्हॉल्व्हला मिटायला ठेवलेली बारीक फट) संपलंय. सीएनजी गाड्यांत हे दुसरं फार दिसतं. व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स शून्यावर येतं आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. सकाळी गाडी ठीक, अर्ध्या तासाने मिसिंग: ही त्याची ओळख. तेव्हा प्लग बदलत बसू नका, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मागवा.

मिसिंगच्या कोडांत पी०३०१ ते पी०३०४ हे सिलिंडरचा नंबर सांगतात. समजा पी०३०२ आलाय. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर दोन आणि तीन नंबरच्या कॉइली इंजिन बंद ठेवून अदलाबदल करा, आता कोड पुसा, आणि जिथे आधी झटका येत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल खराब, एक कॉइल घ्या, तीन नव्हे. पी०३०२ च राहिला तर आता प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर. तरीही दोनच नंबर राहिला तर कॉम्प्रेशन. आकडा गाडीगणिक वेगळा, पण सिलिंडरा-सिलिंडरातला फरक १ बारच्या वर जायला नको. कॉइल उपटल्यावर तिच्या रबरी बुटाच्या टोकाकडे टॉर्च मारून बघा. केसासारखी राखाडी-पांढरी रेष दिसली तर ठिणगी तिथूनच बाहेर पळतेय. खड्ड्यात तेल साचलंय तर टॅपेट कव्हरची सील गेलीय, पाणी साचलंय तर कोणीतरी प्रेशरने इंजिन धुतलंय. पावसाळ्यात याच खोबणीत उंदराने कुरतडलेली वायरही सापडते, तिचा हिरवट पडलेला तांबा डोळ्यांनीच दिसतो.

काही कॅन गाड्यांत मोड ०६ (गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांचे निकाल) चालू असतो आणि तिथे कोड न येताही प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर मोजलेले मिळतात: ए२ पहिल्याचे, ए३ दुसऱ्याचे, असे पुढे. त्यातला ०बी हा मागच्या दहा फेऱ्यांचा सरासरी आकडा आणि ०सी चालू फेरीचा. स्वस्त डोंगलमध्ये एवढी सोय मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मोजत बसू नका, रेस सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळवतं.

सीएनजी गाडीला आयती तपासणी उपलब्ध आहे. तोच रस्ता एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर चालवा. गॅसवरच मिसिंग होत असेल तर आधी प्लग आणि कॉइल, कारण गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. मग गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर. दोन्हीवर होत असेल तर दोघांत जे समान आहे ते शोधा.

आता गाडीची ताकदच काढून घेतली जाते तो प्रकार. रेस पूर्ण दाबली तरी आरपीएम दोन हजारांच्या वर जात नाही, स्पीड तीस-चाळीसवर अडकतो. ईसीएमने हे मुद्दाम केलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये झडपेची जागा सांगणारे दोन सेन्सर असतात, पायाखालच्या पेडलमध्येही दोन. त्यांचं एकमेकांशी पटेनासं झालं की ईसीएम थ्रॉटलच्या मोटरचा करंट बंद करतो आणि झडप स्प्रिंगच्या जोरावर थोडीशी उघडी राहते, गाडी घरापर्यंत रांगत जाईल एवढी. पी२१३५ म्हणजे थ्रॉटलचे दोन सेन्सर जुळत नाहीत, पी२१३८ म्हणजे पेडलचे. पी२१०६ आणि पी२११० हे नुसते ताकद किंवा आरपीएम मर्यादित केल्याची घोषणा करतात. कारण त्यांच्यासोबतच्या दुसऱ्या कोडात असतं.

पेडल तपासायला डोंगल एकदम कामाचं. चावी ऑन, इंजिन बंद, पडद्यावर पेडल पोझिशन डी आणि ई. पुष्कळ गाड्यांत डी हा ई च्या दुप्पट असतो, मोकळ्या पायाला १५ आणि ७.५ असा काहीतरी. आता पेडल दहा सेकंद लावून सावकाश खाली न्या. दोन्ही आकडे एका चालीने चढायला हवेत. मध्ये कुठे एकाने उडी मारली किंवा जागेवर थबकला तर पेडल असेंब्ली. तेच थ्रॉटलच्या झडपेचं, फक्त लक्षात घ्या की पूर्ण उघडली तरी कित्येक गाड्यांत आकडा १०० न दाखवता ७५ ते ८५ वर थांबतो. नवीन थ्रॉटल बॉडी मागवण्याआधी कनेक्टर उपसून पिना बघा, हार्नेस (वायरांचा जुडगा) हलवत आकडे बघा, आणि इंजिनपासून चेसिसला येणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा.

थ्रॉटल बॉडी खरंच काळी झाली असेल तर सफाई उपयोगी आहे, पण बॅटरी सोडून, थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन. झडप बोटाने जोर लावून ढकलली तर आतले प्लॅस्टिकचे गियर दुखावतात. सफाईनंतर आयडलिंग १२०० च्या पुढे चढलेलं राहिलं तर घाबरू नका, ईसीएमने जुन्या मळाचा हिशोब धरलेला असतो. काही गाड्या चालवून चालवून नवीन शिकतात, काहींना कंपनीच्या स्कॅनरने शिकवावं लागतं. ते काम या डोंगलकडून होत नाही.

कोड नाही, थरथर नाही, फक्त वरच्या आरपीएमला दम नाही, असं असेल तर एक्झॉस्ट तुंबलाय का बघा. २५०० आरपीएम धरून ठेवला असता मॅप हळूहळू वर सरकत राहिला तर संशय घट्ट होतो. डिझेल गाड्यांसाठी मात्र हे डोंगल अर्धवट आहे. पी०२९९ आला की टर्बोचा दाब कमी पडतोय एवढं कळेल, आणि मग इंटरकूलरच्या नळ्या, टर्बोची व्हॅक्यूम नळी हाताने तपासता येईल. डीपीएफमधली (डिझेलच्या धुराच्या फिल्टरमधली) काजळी, इंजेक्टरचे सुधारणा-आकडे यांसाठी कंपनीचा किंवा गॅरेजचा मोठा स्कॅनरच हवा. एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर यांच्याबाबतही हेच.

स्वतःच्या एका पेट्रोल किंवा सीएनजी गाडीसाठी १.५ चं स्वस्त डोंगल पुरेसं. के-लाइनची जुनी गाडी असेल, किंवा महिन्याला चार गाड्या बघायच्या असतील तर जास्त पैसे टाकून ओबीडीलिंकसारखं, स्वतःची चिप असलेलं डोंगल घ्या. आकडे भराभर येतात आणि जोडणी मध्येच तुटत नाही. कोणतंही घेतलं तरी काम झाल्यावर उपटून ठेवा. १६ नंबरच्या पिनेला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, डोंगल तिथे चाळीसेक मिलिअँपिअर खात राहतं, म्हणजे दिवसाला एक अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असलेली गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली तर स्टार्टर फिरणार नाही, आणि कमी व्होल्टेजचे नवे खोटे कोड पडतील ते वेगळेच.